ॲशट्रेमागचा निळा

जुन्या मोटारीच्या आतला मूळ रंग कोणता, हे डॅशबोर्डला विचारू नये. तो साठ वर्षं काचेतून आलेलं ऊन खात बसलेला असतो. त्याची साक्ष आता टिकणारी नाही. त्यापेक्षा ॲशट्रेचा खण पूर्ण बाहेर ओढावा, आत टॉर्च मारावी आणि खाचेच्या काठावर आत वळलेली पत्र्याची बोटभर पट्टी बघावी. तिथला निळा आणि बाहेरचा निळा एकाच दिवशी, एकाच स्प्रे गनमधून निघालेले. आज मात्र ते सख्खे भाऊ वाटत नाहीत. फार तर चुलत वाटतात.

जुनी गाडी पूर्ववत करायला घेणारा माणूस बाहेरच्या रंगासाठी जिवाचं रान करतो आणि आतल्या रंगाला 'तो काय, लावू शेवटी' म्हणून मागे ठेवतो. खरं तर अवघड आहे तो आतलाच. बाहेरचा रंग बहुतेक एकटा असतो, चकचकीत असतो आणि लोक तो चार पावलांवरून बघतात. आतल्या रंगाला सीटच्या रेक्झिनशी, दाराच्या पॅनेलशी, पायाखालच्या गालिच्याशी आणि प्लास्टिकच्या तुकड्यांशी जमवून घ्यावं लागतं. तेही हातभर अंतरावर, तासन् तास समोर बसलेल्या माणसाच्या नजरेखाली. हे जमवून घेणं कसं साधतं ते एकाच गाडीच्या आधाराने पाहू. गाडी आहे १९६५ ची फोर्ड मस्टँग.

दारावरची पाटी

१७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात फोर्डने मस्टँग लोकांसमोर आणली. त्या काळच्या मस्टँगच्या ड्रायव्हरकडच्या दाराच्या कडेला धातूची एक छोटी पाटी असते. समजा, तिच्यावर '६५ए', 'एम' आणि '२२' अशी अक्षरं-आकडे आहेत. '६५ए' म्हणजे टणक छपराची दोन दारी गाडी. 'एम' म्हणजे बाहेरून विम्बल्डन व्हाइट हा पांढरा. आणि '२२' म्हणजे आतून निळी.

नवखा माणूस इथे हरखतो. पाटी सापडली, रंग सापडला! पण पाटी नीट वाचली पाहिजे. 'एम' ही रंगाची खूण आहे, '२२' ही सजावटीची. सीटवर निळं रेक्झिन आहे, एवढंच '२२' सांगतो. डॅशबोर्डचा पत्रा, दाराच्या वरच्या बाजूचा उघडा पत्रा आणि स्टिअरिंगचा दांडा यांना नेमका कोणता निळा फासला होता, हे त्यावरून ताडावं लागतं. त्यासाठी रंग कंपन्यांची जुनी नमुनापुस्तकं कामी येतात. अमेरिकेत डिट्झलर, ड्यूपाँ अशा नावांनी निघालेल्या या पुस्तकांत त्या त्या सालच्या गाड्यांच्या रंगांचे चौकोनी तुकडे चिकटवलेले असत आणि शेजारी मिश्रणाचा क्रमांक असे. अशी पुस्तकं अजूनही गोळा केली जातात. पण तो तुकडाही साठ वर्षांचाच असतो. तो कागदावर मारलेला रंग. त्याचं आयुष्य गाडीबाहेर, कुठल्या तरी दुकानाच्या कपाटात गेलेलं. म्हणून पाटी आणि पुस्तक मिळून गाव दाखवतात, घर मात्र गाडीतच शोधावं लागतं.

काळोखातले साक्षीदार

गाडीत उजेड न पोचलेल्या जागा पुष्कळ असतात. दाराचं पॅनेल काढलं की त्याच्याखाली झाकलेला पत्रा. ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाची आतली बाजू. स्टिअरिंगचा दांडा डॅशबोर्डला जिथे कवळला जातो, त्या पट्ट्याखालचा भाग. वरच्या आरशाच्या पायाखालचा रुपयाएवढा गोल. आणि ॲशट्रेची ती पट्टी.

नमुना सापडला की तो आधी धुवावा. साध्या साबणाच्या पाण्याने, मग मेण आणि तेल काढणाऱ्या द्रावणाने. सिगारेटचा धूर, पॉलिशचे थर आणि हातांचा घाम मिळून बनलेला पिवळट पापुद्रा निघून गेला की रंग एकदम थंड, निळसर दिसू लागतो. नंतर अगदी बारीक कंपाउंडचा हलका हात फिरवावा. इथे एक महत्त्वाची गोष्ट कळते. जुना रंग 'उडाला' असं आपण म्हणतो, तेव्हा नेहमी रंगद्रव्यच मेलेलं असतं असं नाही. रंगद्रव्याचे कण ज्या चिकट माध्यमात बसवलेले असतात, ते वरून तुटतं, पांढरट भुकटी होतं आणि खालच्या रंगावर धुकं पसरवतं. धुकं पुसलं की पुष्कळदा डॅशबोर्डच्या उघड्या भागातही मूळ रंग जिवंत सापडतो.

गाडी मध्येच कधी रंगवली गेली आहे का, हे कळण्यासाठी चित्रांचे आणि जुन्या वास्तूंचे जतनकर्ते वापरतात ती युक्ती मोटारीलाही चालते. आडबाजूला नाण्याएवढ्या जागी वॉटर पेपर पाण्यात बुडवून गोल गोल घासायचा. मध्यभागी पत्रा उघडा पडतो आणि त्याभोवती प्रायमर, पहिला रंग, दुसरा रंग अशी वलयं उमटतात. झाडाच्या बुंध्यावरून वय वाचावं, तसा इथे रंगांचा इतिहास वाचता येतो. प्रायमरच्या लगेच वरचं वलय कारखान्याचं. त्यापुढची सगळी नंतरच्या मालकांची.

इथे एक चकवाही आहे. काळोखातला नमुना म्हणजे अस्सल, असं आपण धरून चालतो. पण तेलापासून बनलेल्या अल्किड जातीच्या रंगांना अंधारात पिवळं पडण्याची खोड असते. उजेडात ठेवलं की तो पिवळेपणा बराचसा उतरतो. घरात मोठ्या तसबिरीमागची ऑइलपेंट मारलेली पांढरी भिंत उलटी पिवळी पडलेली अनेकांनी पाहिली असेल. फिकट निळ्यावर असा पिवळा चढला की तो हिरवट दिसतो, आणि बिचारा कारागीर तो हिरवटपणा 'मूळ' समजून बाटलीत कालवतो. उपाय सोपा आहे. सुटा निघणारा एखादा तुकडा घ्यावा, अर्ध्या भागावर ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळावी आणि तो काही दिवस खिडकीजवळ ठेवावा. उघडा अर्धा भाग पिवळेपणा टाकू लागला, तर आपण कारखान्याचा रंग पाहत नव्हतो, अंधाराचा डाग पाहत होतो.

दुसरा साक्षीदार रेक्झिन. सीटच्या शिवणीत दुमडलेली पट्टी किंवा खिळ्यांखाली गेलेली कड उलगडून बघावी. तिथलं निळं आणि ॲशट्रेमागचं निळं एकमेकांशी जुळलं, तर दोन स्वतंत्र साक्षी एक झाल्या. न जुळलं, तर दोघांपैकी एक खोटं बोलतो आहे, आणि कोण ते शोधण्यातच पुढचे काही दिवस जाणार आहेत.

ड्युको नावाचा आजोबा

आपल्याकडे गॅरेजमध्ये किंवा सुताराकडे आजही 'ड्युको मारून देतो' असं सहज म्हटलं जातं. शंभर वर्षांपूर्वीचं हे एका मालाचं नाव आहे. मोटारीवर ब्रशने वार्निशचे थर चढवायचे आणि ते सुकण्याची वाट बघत आठवडे काढायचे, अशी पूर्वी रीत होती. फोर्डने १९१४ ते १९२५ या काळात मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली, ती याच दिवसांत. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ड्यूपाँ आणि जनरल मोटर्स यांनी नायट्रोसेल्युलोजपासून बनवलेला, स्प्रेने मारायचा आणि झटपट सुकणारा ड्युको आणला, आणि १९२४ सालच्या ओकलंड गाड्या 'ट्रू ब्लू' या निळ्यात बाहेर पडल्या. रंग सुकण्याचा वेळ आटला आणि रंगीत मोटार सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली. पुढे रस्ते फुटले. १९६० च्या दशकात जनरल मोटर्स ॲक्रिलिक लॅकरकडे गेली होती, तर फोर्ड भट्टीत भाजलेलं एनॅमल वापरत होती.

या इतिहासाचं आपल्याला काम काय? असं की मस्टँगचा मूळ निळा नुसता एक रंग नव्हता, ती एक पाककृती होती. रिकाम्या पत्र्याच्या सांगाड्यावर मारलेलं आणि भट्टीत भाजलेलं एनॅमल. आज वायर, काचा, रबर सगळं जागेवर असलेली गाडी कुणी भट्टीत घालू शकत नाही. म्हणजे कृती बदलली.

साहित्यही बदललं. त्या काळच्या पिवळ्या, नारिंगी, लाल छटांमध्ये शिशाचे क्रोमेट सर्रास असत. ते विषारी, म्हणून आजच्या मोटार-रंगांतून बहुतेक हद्दपार झाले आहेत. (जुना रंग कोरडा घासू नये, पाण्याने घासावा आणि तोंडावर चांगला मास्क असावा, हेही त्याचसाठी.) निळ्याचं नशीब बरं. १९३५ मध्ये आयसीआयने 'मोनॅस्ट्रल' नावाने आणलेलं तांब्याचं फ्थॅलोसायनिन हे निळं रंगद्रव्य उन्हाला दाद देत नाही आणि ते आजही मिळतं. पण मोटारीतला निळा एका रंगद्रव्याचा कधीच नसतो. त्यात पांढरा, काळा, चिमूटभर लाल किंवा जांभळा असतो. जुन्या पुस्तकातला क्रमांक आज दुकानदाराला दिला, तर त्याचं मशीन आजच्या रंगद्रव्यांतून तीच छटा गाठायचा प्रयत्न करतं. पदार्थ दिसायला तोच, मसाले दुसरे. आणि इथूनच पुढचा घोळ सुरू होतो.

मॅचिंग सेंटरचा धडा

साडीवर ब्लाउजपीस घ्यायला गेलेली बाई काय करते? दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कापड जुळलं तरी ती पैसे देत नाही. साडी आणि कापड दोन्ही हातात धरून दुकानाच्या पायरीवर येते, उन्हात बघते आणि बरेचदा मान हलवत परत आत जाते. या एका सवयीत रंगशास्त्राचा एक अख्खा धडा आहे. दोन वस्तू एका उजेडात तंतोतंत सारख्या दिसाव्यात आणि दुसऱ्या उजेडात वेगळ्या, याला शास्त्रात मेटामेरिझम म्हणतात.

कारण असं की डोळ्याला रंग मोजण्यासाठी तीनच प्रकारचे शंकू मिळाले आहेत. वस्तूवरून परतणाऱ्या उजेडात शेकडो तरंगलांब्यांचा हिशेब असतो, पण डोळा तीन बेरजा करून मोकळा होतो. वेगळ्या आकड्यांची बेरीज सारखी येऊ शकते, तसे वेगळ्या रंगद्रव्यांचे दोन निळे डोळ्याला सारखे दिसू शकतात. उजेड बदलला की मूळ आकडे बदलतात आणि बेरजांचं बिंग फुटतं.

मोटारीच्या आत तर हा खेळ जन्मापासूनच मांडलेला असतो. मस्टँगमधलं रेक्झिन एका रसायनाने निळं झालेलं, प्लास्टिकचे तुकडे रंग मिसळूनच ओतलेले, गालिच्याचे धागे रंगवलेले आणि पत्रा एनॅमलने. चार कारखान्यांतून आलेले चार निळे एका डब्यात बसवून 'एकच निळा' असं भासवायचं. मूळ कारखान्यालाही ते शंभर टक्के साधत नसे. त्यामुळे रंग जुळवताना उजेड कमीत कमी तीन पाहिजेत: उत्तरेकडच्या आकाशाचा दिवसाचा उजेड, संध्याकाळचा पिवळा बल्ब आणि गॅरेजमधली ट्यूब. प्रयोगशाळेत यांना प्रमाण ठरवून दिलेलं आहे. दिवसाच्या उजेडासाठी 'डी ६५' म्हणजे सुमारे ६५०० केल्विन, पिवळ्या बल्बसाठी 'ए' म्हणजे २८५६ केल्विन. पण पायरीवर जाऊन बघणाऱ्या बाईला हे आकडे माहीत नसतात, तरी तिची पद्धत बिनचूक आहे.

यंत्राची मदत जरूर घ्यावी. स्पेक्ट्रोफोटोमीटर नमुन्यावर उजेड टाकून ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंत दर दहा नॅनोमीटरला एक, अशा ३१ नोंदी घेतो. म्हणजे तो तीन बेरजा न करता मूळ आकडेच वाचतो. मग पॉल कुबेल्का आणि फ्रान्झ मुंक यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या समीकरणांच्या आधाराने, कुठलं रंगद्रव्य किती घ्यावं याचा अंदाज संगणक देतो. दोन रंगांमधलं अंतर 'डेल्टा-ई' या मापात सांगतात. ढोबळमानाने एकच्या आसपासचा फरक तयार डोळ्याला जेमतेम जाणवतो. मात्र यंत्र जे दाखवाल तेच वाचतं. त्याला धुतलेला, धुकं उतरवलेला नमुना दिला नाही, तर ते साठ वर्षांची धूळ अत्यंत अचूकपणे जुळवून देईल.

रंग बरोबर, तरी गाडी चुकली

एवढं सगळं करूनही डॅशबोर्ड 'नवा' दिसतो, अशी तक्रार उरते. दहातल्या आठ वेळा दोष झळाळीचा असतो, असं जुने कारागीर सांगतील. झळाळी मोजता येते. ठरावीक कोनातून उजेड टाकायचा आणि त्याच कोनात किती परततो ते बघायचं. १.५६७ अपवर्तनांक असलेल्या काळ्या काचेची झळाळी १०० धरतात. साधारण कामासाठी ६० अंशांचा कोन, फार चकचकीत असेल तर २०, अगदी मंद असेल तर ८५.

आतल्या रंगाला झळाळी कमी लागते याचं कारण नजरेत आहे. डॅशबोर्डवरून परतलेला उजेड समोरच्या काचेत तरंगतो आणि रस्ता झाकतो. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून मोटार सुरक्षेचा १०७ क्रमांकाचा नियम लागू झाला. वायपरचे दांडे, काचेभोवतीची आतली पट्टी, हॉर्नची कडी आणि आरशाची चौकट अशा ड्रायव्हरच्या नजरेसमोरच्या चमकत्या धातूच्या भागांची झळाळी २० अंशांच्या मापाने ४० पेक्षा जास्त असू नये, असं त्यात म्हटलं होतं. १९९६ मध्ये तो नियम काढून टाकला गेला. आपली मस्टँग हा नियम येण्याच्याही आधीची. म्हणजे पुढच्या काळातल्या गाडीसाठी बनवलेला मंद रंग तिच्यावर चढवला, तर छटा बरोबर येऊनही साल चुकण्याची शक्यता आहे. म्हणून झळाळीसुद्धा लपलेल्या पट्टीवरूनच वाचायची. उघड्या भागावर फडक्यांनी ती कधीच बदलून टाकलेली असते.

झळाळी मंद करायला रंगात अतिसूक्ष्म सिलिका मिसळतात. सुकताना तिचे कण पृष्ठभाग किंचित खडबडीत करतात आणि उजेड विखुरतो. विखुरलेला पांढरा उजेड रंगात मिसळतो, म्हणून तोच निळा मंद झाला की फिकट दिसतो. चकचकीत नमुना मंद नमुन्याशी ताडून बघणं म्हणजे ओल्या शर्टाचा रंग सुक्याशी ताडणं. शिवाय सिलिका डब्याच्या तळाशी बसते. न ढवळता ओतलेला पहिला ग्लास चकचकीत आणि शेवटचा खडूसारखा. गन लांबून मारली, कोरडा फवारा बसला तरी झळाळी उतरते. आणि बाहेरच्या रंगासारखी इथे चूक घासून, पॉलिश करून सुधारता येत नाही. घासलेली जागाच चमकायला लागते.

कोकणपट्टीतल्या कारागिराला आणखी एक पाहुणा सांभाळावा लागतो. पावसाळी हवेत लॅकर मारलं की थिनर भराभर उडून पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंगावर दुधी छाया येते. ती कुठल्याही पुस्तकातली मंद झळाळी नव्हे.

म्हणून शहाणा माणूस गाडीआधी पत्र्याची कार्डं रंगवतो. तेच प्रायमर, तीच गन, तितकेच हात, रात्रभर सुकवणं. एका कार्डावर एक हात, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. मग कार्ड सीटला टेकवून, तिन्ही उजेडांत, सरळ आणि तिरक्या नजरेनं बघायचं. धातूच्या चकत्या मिसळलेला मेटॅलिक रंग असेल, तर तिरकी नजर आणखी गरजेची. असा रंग धूपछाँव साडीसारखा कोनागणिक बदलतो.

कोणत्या दिवसाचा रंग?

इथवर आलो की खरा प्रश्न समोर येतो, आणि त्याचं उत्तर यंत्रात नाही. जुळवायचं कशाशी? गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्या सकाळशी, की आज ती जशी आहे त्या दुपारशी?

सीट, पॅनेल, गालिचा सगळं नवं येणार असेल, तर उत्तर सोपं: ॲशट्रेमागचा रंग. तिथेही क्रम उलटा लावू नये. नव्याने विणलेलं, नव्याने ओतलेलं रेक्झिन जुन्याची हुबेहूब नक्कल क्वचितच असतं, म्हणून आधी रेक्झिन आणावं आणि रंग शेवटी कालवावा. रंगात थेंब टाकता येतो, रेक्झिनमध्ये नाही.

पण मूळ सीट शाबूत असेल, साठ वर्षांत जरा निवलेली, जरा करडी झालेली, तर शेजारी कारखान्याचा ताजा निळा किंचाळतो. जुन्या वाड्यात एकच खांब नव्या पॉलिशचा दिसावा तसा. तिथे रंग सीटच्या वयाला नेऊन बसवणं शहाणपणाचं, किंवा मूळ रंग धुऊन, धुकं उतरवून तसाच ठेवणं त्याहून शहाणपणाचं. जुन्या वाहनांची जागतिक संघटना 'फिवा' हिने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेचा कल याच बाजूला आहे: जे मूळ उरलं आहे ते आधी टिकवा, नवं करणं हा शेवटचा उपाय. भारतातही २०२१ पासून पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांची वेगळी नोंदणी होते. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून १९६० च्या दशकात निघालेली फियाट ११०० आज त्या वयात बसते. त्या नियमाला आतल्या रंगाशी घेणंदेणं नाही. पण 'मूळ स्वरूप' हे शब्द एकदा कागदावर आले, की आपल्या फियाटच्या दाराचं रेक्झिन उचलून खालचा पत्रा बघावासा वाटणारच.

शेवटी रंग मारण्याच्या दिवशी करायची दोन छोटी कामं. जे कार्ड जुळलं, त्याच्या मागे मिश्रणाचा हिशेब, किती हात मारले आणि तारीख लिहून ते ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवावं. आणि गन हातात घेण्याआधी ॲशट्रेमागच्या त्या बोटभर पट्टीवर चिकटपट्टी लावावी. तेवढी जागा रंगवायची नाही. आपला निळा चुकलाही असेल. पुढे कुणाला तशी शंका आली, तर त्याला खण ओढून बघायला काहीतरी उरलेलं असलं पाहिजे.